कोपऱ्यातल्या गोलात कुणाचा फोटो आहे?

पत्राचा सारांश : वय ५७. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. यजमान निवृत्त, मुलगा बंगळुरूला नोकरीला. घरात एकच कॉम्प्युटर, मुलगा कॉलेजात असताना घेतलेला, विंडोज ७ वाला. त्यावर त्या बचत गटाचे हिशेब ठेवतात, नेट बँकिंग करतात. यजमान लाइट बिल भरतात आणि यूट्यूब बघतात. चार महिन्यांपूर्वी छातीला गाठ हाताला लागली म्हणून त्यांनी रात्री, कुणाला न सांगता, गूगलवर शोधलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन : “आई, गाठ कुणाला आलीय?” तपासणी झाली, गाठ साधी निघाली. पण ‘क्रोमने माझी चहाडी केली’ हे मनातून जात नाही. त्या फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरवर गेल्या, तर तिथेही गूगल उघडताच तेच जुने शोध समोर. भाच्याने ब्रेव्ह हा ब्राउझर घ्यायला सांगितलं, ते कॉम्प्युटरवर चढेचना. मैत्रीण म्हणते स्वदेशी ब्राउझर ‘उला’ वापर. पेपरात दर महिन्या-दोन महिन्यांनी ‘क्रोम वापरणाऱ्यांना सरकारचा इशारा’. बँकेतला मुलगा म्हणतो आमची साइट क्रोममध्येच उघडा. जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय, की क्रोम काढून टाकवत नाही, कारण त्याच्या कोपऱ्यातल्या गोलात लेकाचा राजगडावरचा फोटो आहे. क्रोम उघडला की वर एक पट्टी येते, ती त्या फुली मारून घालवतात. आणि जाहिराती थांबाव्यात म्हणून भाच्याने चार एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची छोटी जादा सॉफ्टवेअर) टाकून दिली आहेत. शेवटचं वाक्य : ‘कुणावर विश्वास ठेवू? एकच नाव सांगा.’

ताई,

गाठ साधी निघाली हे वाचलं आणि मगच बाकीचं पत्र नीट वाचू शकले. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं असेल ती तारीख चुकवू नका, एवढं म्हणते आणि ब्राउझरकडे वळते.

नाव देते, पण जरा दमानं. पत्रात पानभर ब्राउझरांची नावं आहेत आणि खरी गोम मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन वाक्यांत आहे. फोटो, पट्टी आणि चार एक्स्टेन्शन.

आधी फोटो. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या गोलात लेकाचा फोटो आहे, म्हणजे तो क्रोम तुमचा नव्हेच, लेकाचा आहे. कॉलेजात असताना त्याने स्वतःच्या गूगल खात्याने तिथे साइन इन केलं, सिंक (खात्यातलं सगळं प्रत्येक यंत्रावर सारखं ठेवणारी सोय) चालू केलं आणि पुढे नोकरीला निघून गेला. तो गेला, खातं राहिलं. त्या दिवसापासून तुम्ही त्या क्रोममध्ये जे जे शोधलंत ते त्याच्या नावावर जमा होत गेलं. कोथिंबीर वडी, बचत गटाचा ठराव कसा लिहावा, आणि एका रात्री गाठ. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर गूगलच्या चौकटीत बोट टेकवलं असेल. बोट टेकवलं की आधीचे शोध खाली उतरतात, प्रत्येकापुढे घड्याळाचं बारीक चिन्ह. त्यातला एक आपला नाही हे त्याला कळलं असेल आणि पोटात गोळा आला असेल. त्याने चोरून काही पाहिलं नाही. न मागता ताटात येऊन पडलं. तो फोन ‘कुणाला’ असं विचारत आला, ‘तुला’ असं नाही, हेही जरा लक्षात घ्या. कसं विचारावं हे त्यालाही कळलं नसणार.

फायरफॉक्समध्येही तेच का दिसलं, याचं उत्तरही इथेच आहे. माझा अंदाज असा, की यजमानांना यूट्यूब हवं म्हणून तुम्ही तिथेही त्याच खात्याने आत गेलात. ब्राउझर म्हणजे पेन आणि खातं म्हणजे वही. तुम्ही पेन बदललंत, वही तीच राहिली. अशी दहा पेनं बदललीत तरी लिहिलेलं लेकाच्याच वहीत उमटणार.

तेव्हा पहिलं काम, नवा ब्राउझर शोधणं नाही. क्रोमच्या त्या गोलावर क्लिक करा आणि सिंक बंद करून साइन आउट व्हा. बंद करताना ‘या कॉम्प्युटरवरचा डेटाही पुसायचा का’ असं विचारणारी एक चौकट दिसेल, तिला खूण करा. क्रम महत्त्वाचा आहे. सिंक चालू असताना तुम्ही हिस्टरी पुसलीत, तर ती लेकाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरचीही पुसली जाईल आणि मग दुसरा फोन येईल. फायरफॉक्समध्येही यूट्यूब उघडून लेकाच्या खात्यातून बाहेर पडा. त्याच्या खात्यात आधीच जमलेलं मात्र तुम्हाला इथून पुसता येणार नाही, ते त्यालाच सांगावं लागेल. मग तुमचं स्वतःचं खातं, तुमचं वेगळं प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरमधला तुमचा स्वतंत्र कप्पा. यजमानांचंही वेगळं. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत ही सोय आहे, फुकट आहे, पाच मिनिटांची आहे.

ही गळती दोन्ही बाजूंनी होत होती, हे लेकालाही सांगा. सिंक असेल तर त्याने क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरवर हजर असतात. मागे कधी दुरुस्तीला कॉम्प्युटर दुकानात नेला असेल, तर त्या दुकानातल्या मुलापुढे तुमच्या लेकाचं अख्खं कपाट उघडं होतं. तो इंजिनिअर असला तरी त्याच्या हे ध्यानात आलं नसेल. घरचं सेटिंग कुणीच तपासत नाही.

इथे मला इन्कॉग्निटोची, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी खिडकीची, बाजू घ्यायची आहे. हल्ली त्याची टिंगल करायची पद्धत आहे आणि तिला कारणही आहे. खासगी खिडकीतही गूगल माहिती गोळा करतं असा दावा अमेरिकेत २०२० साली दाखल झाला, आणि २०२४ मध्ये तडजोड होऊन गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे त्या खिडकीतूनही कळू शकतं. हे सगळं खरं. पण तुम्हाला त्या रात्री गूगलपासून लपायचं होतं का, ताई? तुम्हाला लपवायचं होतं ते घरच्यांपासून, निदान रिपोर्ट येईपर्यंत. त्या कामाला इन्कॉग्निटो अगदी पुरेसं होतं. त्यात काही साइन इन न करता शोधलं असतंत, तर ना हिस्टरीत राहिलं असतं, ना लेकाच्या फोनवर गेलं असतं.

म्हणूनच ‘कुणावर विश्वास ठेवू’ या प्रश्नाच्या अलीकडे एक प्रश्न आहे : कुणापासून जपायचंय? घरातल्या माणसांपासून, जाहिरातवाल्यांपासून, की चोरांपासून? तिन्हींची औषधं वेगळी. पत्रात तुम्ही खासगीपणा आणि सुरक्षितता एकाच दमात म्हटलंय. पण खासगीपणा म्हणजे खिडकीचा पडदा आणि सुरक्षितता म्हणजे दाराची कडी. पडदा कितीही जाड असला तरी चोर दारानेच येतो.

आता ती पट्टी. तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला हे वाटलं. फुली मारण्याआधी ती एकदा वाचा. क्रोमचे पुढचे अपडेट हवे असतील तर विंडोज १० किंवा त्यापुढचं लागेल, असं ती सांगत असणार. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये निरोप दिला. क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आली आणि विंडोज ७ वाले मागे राहिले. तुमच्या कॉम्प्युटरवर ब्रेव्ह का चढेना, तेही यातच आलं. ब्रेव्ह आतून क्रोमच्याच सांगाड्यावर उभा आहे. सांगाडा जिथे थांबला तिथे तोही थांबला. भाच्याची चूक नाही, ब्रेव्हचीही नाही.

पेपरातल्या त्या इशाऱ्यांचंही असंच. सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था क्रोम, फायरफॉक्स, एज अशा सगळ्यांमध्ये सापडलेल्या त्रुटींची सूचना काढत असते. बातमी होते ती बहुधा क्रोमची, कारण वापरणारे जास्त. मथळा वाचून छातीत धस्स होतं, पण खाली उपाय एकच असतो : अपडेट करा. अशी सूचना निघते म्हणजे त्रुटी सापडली आणि बहुतेक वेळा ठिगळही तयार झालं. ज्याचा ब्राउझर आपोआप अपडेट होतो त्याने चहा संपवून ब्राउझर एकदा बंद करून उघडला की काम झालं. तुमची अडचण अशी, की ठिगळ तयार असूनही तुमच्या घरी पोचत नाही. आणि एखादी त्रुटी जाहीर झाली की ती चोरांनाही कळते.

म्हणून जरा कडक बोलते. विंडोज ७ वर बचत गटाचं नेट बँकिंग आजपासून बंद. स्वतःचे पैसे असते तर तुमची मर्जी म्हटलं असतं, पण तो बायकांनी महिन्याला शे-दोनशे करून साठवलेला पैसा आहे. सध्या बँकेचं काम फोनवर, बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून करा. अर्थात फोनही तपासा. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसते, ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल तर तोही विंडोज ७ चाच भाऊ. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जुन्या विंडोजसाठी त्याची वेगळी आवृत्ती बराच काळ चालू ठेवली, पण ती पावसात धरलेली पिशवी आहे, छत्री नाही. खर्च नको असेल तर त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकता येतं. ते फुकट आहे, जुन्या यंत्रावर बऱ्यापैकी पळतं, फायरफॉक्स सोबतच येतो, मराठी टायपिंग होतं आणि हिशेबाच्या एक्सेलच्या फायली त्यातल्या लिबर ऑफिसमध्ये उघडतात. पुढच्या वेळी लेक घरी आला की हे त्याच्याकडून करून घ्या. आधी फायलींची एक प्रत पेनड्राइव्हवर काढायला लावा. (विंडोज १० वाल्या वाचकांनीही खूश होऊ नये. त्याची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली.)

चार एक्स्टेन्शनांबद्दल. भाच्याने प्रेमाने टाकली असणार. पण क्रोममध्ये एक्स्टेन्शनांची यादी उघडा आणि प्रत्येकाच्या ‘तपशील’वर क्लिक करून बघा. तुम्ही जाता त्या सर्व साइटवरचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी, अशा अर्थाची ओळ तिथे सापडेल. म्हणजे बँकेचं पानसुद्धा. ब्राउझर निवडायला तुम्ही चार महिने घेतलेत, आणि हे चार पाहुणे दिवसभर तुमच्या खांद्यावरून डोकावतायत त्यांची नावंही पत्रात नाहीत! २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलने ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन घातक म्हणून बंद पाडलं. मूळ बनवणारा माणूस साधा होता. त्याने ते आधीच्या वर्षी दुसऱ्या कुणाला विकलं, आणि नव्या मालकाने आत काय काय भरलं ते वापरणाऱ्यांना कळलंही नाही. नाव तेच, पाटी तीच, गल्ल्यावरचा माणूस बदललेला. तेव्हा चारही काढा. जाहिराती अडवायला एकच ठेवा : यूब्लॉक ओरिजिन. ते पूर्ण ताकदीचं हवं तर फायरफॉक्समध्ये. क्रोमने एक्स्टेन्शनांचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्तीच चालते.

या प्रांतात मीही शहाणी नाही. एका साइटवर ‘रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’ असं आलं, मी दाबलं, आणि पुढचे आठ दिवस स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस’ असे निरोप येत राहिले. व्हायरस एकही नव्हता. मी फक्त एका भामट्या साइटला माझ्या दाराची घंटा वाजवायची परवानगी दिली होती. सेटिंगमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ती परवानगी काढली, घंटा थांबली. तुम्हालाही असे निरोप येत असतील तर आधी तिथे बघा, अँटिव्हायरस विकत घ्यायला धावू नका.

उरली नावं. तुम्हाला सोवळ्यातला ब्राउझर हवाय आणि तो मिळणार नाही, हे आधीच सांगते. क्रोमची कडी उत्तम आहे, अपडेट झटपट येतात, पण ज्या कंपनीच्या कमाईचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा जाहिरातींचा, तिच्याकडून जाड पडद्याची अपेक्षा कशी करणार? दुसऱ्या साइटच्या माग काढणाऱ्या कुकी (साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवून देते त्या खुणेच्या चिठ्ठ्या) बंद करू, असं गूगलने २०२० मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी बेतच सोडून दिला. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने त्या २०२० मध्येच अडवल्या. फायरफॉक्स २०२२ पासून सगळ्यांसाठी आपोआप प्रत्येक साइटची कुकी तिच्या तिच्या डब्यात कोंडतो. मग फायरफॉक्स संत का? त्याच्या मोझिलाचं पोट मुख्यतः गूगलच्याच पैशावर भरतं, आणि २०२५ च्या सुरुवातीला ‘तुमचा डेटा कधीच विकणार नाही’ हे जुनं वचन त्यांनी आपल्या पानावरून काढलं तेव्हा गहजब झाला. ‘विकणे’ची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे, असं त्यांचं म्हणणं. पटण्याजोगं आहे, पण वचन गेलं ते गेलं. सफारीवाल्या अ‍ॅपललाही आपलं सर्च पुढे ठेवावं म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ब्रेव्हचा पडदा चांगला जाड आहे, पण २०२० मध्ये तो बायनान्स या क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप केला की मागे स्वतःचा कमिशनचा कोड जोडतो, हे लोकांनी पकडलं आणि प्रमुखांना माफी मागावी लागली. आयफोनवाल्यांचा तर प्रश्नच निराळा : आपल्याकडे आयफोनवर कोणतंही नाव घ्या, आतलं इंजिन सफारीचंच.

‘उला’बद्दल तुमची मैत्रीण खोटं बोलत नाही. चेन्नईच्या झोहोने २०२३ मध्ये तो आणला, आणि केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहोला पहिलं, एक कोटीचं बक्षीस मिळालं. वापरायला हरकत नाही. पण त्याचा सांगाडाही क्रोमच्याच पोटातल्या क्रोमियमचा, म्हणजे पाया गूगलच्या घरचा आणि वरचे मजले आपले. स्वदेशी म्हटल्याने माहिती कोणत्या देशाच्या कायद्याखाली येईल हे कळतं. पडदा किती जाड ते निराळं बघावं लागतं. उलट बाजूने, यूसी ब्राउझर एकेकाळी आपल्याकडे घरोघरी होता. तो वापरणाऱ्यांची माहिती नीट न झाकता पाठवतो हे टोरंटोच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्येच दाखवलं होतं. आपण तो सोडला जून २०२० मध्ये, सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली तेव्हा. पाच वर्षं कुणाला पडदा आठवला नाही.

बँकेतल्या मुलाचं तेवढं ऐका. काही साइट खरोखर क्रोममध्येच नीट चालतात, मीही त्यांच्यासाठी क्रोम ठेवलाय. पण त्याहून मोलाचं, बँकेची साइट गूगलवर शोधून उघडू नका. शोधाच्या माथ्यावर कधी कधी भामट्यांच्या जाहिराती असतात, आणि ‘कस्टमर केअर’ म्हणून दिलेले नंबरही त्यांचेच. पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, हे शेपूट फक्त बँकांनाच मिळतं. पत्त्याशेजारच्या कुलपावर जाऊ नका. ते कुलूप भामट्यांनाही फुकट मिळतं. दोघांचं बोलणं मधल्याला ऐकू येणार नाही एवढीच त्याची हमी, समोरचा कोण याची नाही. कधी फसगत झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

तर तुम्ही मागितलेलं नाव : फायरफॉक्स. यूब्लॉक ओरिजिन घातलेला, तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, रोजच्या वाचायला-शोधायला. शेजारी क्रोम, एकही एक्स्टेन्शन नसलेला, फक्त बँक आणि सरकारी साइटसाठी. दोन्ही नव्या किंवा लिनक्स मिंट घातलेल्या, अपडेट होणाऱ्या यंत्रावर. यजमानांना ब्रेव्ह आवडला तर वापरू द्या, या वयात त्यावरून भांडू नका.

राजगडावरचा फोटो लेकाकडून मोठ्या आकाराचा मागवून घ्या आणि डेस्कटॉपवर लावा. कोपऱ्यातल्या गोलात तो मुगाएवढा दिसत होता.